होतकरू नायक आणि बोलका पडदा

शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. गेली तीसएक वर्षे दर सहामाहीला मी तो भरत आलो आहे. पहिल्या पाचांत येणाऱ्यासाठी 'उत्तम', काठावरच्यासाठी 'अधिक परिश्रमांची गरज', आणि या दोन्हींत न बसणाऱ्या, पण ज्याच्याकडे पाहिल्यावर 'हे पोर पुढे काहीतरी करील' असे मनात येते, त्याच्यासाठी एक ठेवणीतला शब्द : 'होतकरू'. शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात कौतुक आहे, जबाबदारी मात्र काडीचीही नाही. पुढे मुलाने नाव काढले तर आम्ही म्हटलेच होते. नाही काढले तरी आमचे काही चुकले असे कुणाला म्हणता येत नाही.

संपादकांनी 'इतिहासावर काहीतरी द्या' म्हटले, तेव्हा त्यांना बहुधा एखाद्या किल्ल्यावरचा किंवा शिलालेखावरचा लेख अपेक्षित असावा. पण या वेळी मी चित्रपटातल्या होतकरू तरुणांविषयी लिहायचे ठरवले आहे. मुख्याध्यापकाने सिनेमावर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही, याची कल्पना आहे. मात्र माझा या विषयाशी संबंध पोस्टरांमुळे नव्हे, आमच्या आजोबांमुळे आला.

आजोबा चिकोडी तालुक्यातले. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि हिंदुस्थानी म्हणाल तर टांगेवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. ऐन विशीत ते मुंबईला गिरगावात एका कापडाच्या पेढीवर नोकरीला होते. पगारातून खाणावळीचे पैसे देऊन जे उरे ते सारे मूकपटांवर जाई. आणि त्यांचे दैवत एकच : मास्टर विठ्ठल. म्हातारपणी ओट्यावर बसून ते त्याच्याविषयी बोलू लागले की त्याला एकेरीत 'विठ्ठल' म्हणत. पंढरीचा कोणता आणि पडद्यावरचा कोणता, हे लहानपणी मला संदर्भावरूनच ओळखावे लागे.

आजच्या मुलांना मूकपट म्हटले की काहीतरी अपुरे, मुके, दया यावी असे वाटते. प्रत्यक्षात तो काळ मोठा ऐसपैस होता. पडद्यावर अधूनमधून पाट्या येत. त्यांवरचा मजकूर दोन-तीन लिप्यांत लिहिलेला असे, आणि ज्याला वाचता येई तो शेजारच्यांसाठी मोठ्याने वाचे. पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसत. नायक ओठ हलवी, पण तो कोणत्या भाषेत बोलतो आहे हा प्रश्नच कुणाला पडत नसे. कोल्हापूरच्या मुलाने तलवार उपसली की पेशावरच्या प्रेक्षकाच्याही अंगावर काटा येई. ज्याला जी भाषा येई त्या भाषेत तो नायक त्याच्याशी बोले. आजोबा म्हणत, "विठ्ठल माझ्याशी चिकोडीच्या मराठीत बोलायचा. शेजारी बसलेल्या गुजराथ्याशी गुजराथीत."

या विठ्ठलचा जन्म १९०६ सालचा. लहानपणी तो राजापूरकर नाटक मंडळीत बालनट होता. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरला. तिथे त्याला काम मिळाले ते फिल्म कापण्या-जोडण्याचे, आणि पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटात, तोही नर्तकीच्या वेषात! ज्याला पुढे मर्दानी नायक म्हणून देश ओळखणार होता त्याची सुरुवात अशी लुगड्यात झाली. आज कुणी याला हसेल. पण नाटक कंपनीतून आलेल्या पोराला त्यात काहीच वावगे वाटले नसणार. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात स्त्रीवेष हा कमीपणा नव्हता, कसोटी होती.

कोल्हापूर सोडून तो मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेला आणि 'रतन मंजरी' (१९२६) मध्ये नायक झाला. तेव्हा त्याचे वय वीस. पुढची चार-पाच वर्षे त्याची. घोडदौड, तलवारबाजी, गच्चीवरून उड्या, दोराला लटकून खंदक ओलांडणे. त्या सुमारास अमेरिकेच्या डग्लस फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद' आपल्याकडे फार गाजला होता, तेव्हा जाहिरातवाल्यांनी विठ्ठलला 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' करून टाकले. आपल्या माणसाला मोठे म्हणायचे तर परक्याचे नाव चिकटवायचे, ही खोड तेव्हापासूनची. तो त्या काळातल्या सर्वांत जास्त मिळकत असलेल्या नटांपैकी होता. अंगकाठी, चपळाई, चेहरा, लोकप्रियता, काहीच कमी नव्हते. त्या दिवसांत एखाद्या जाणकाराला 'पुढच्या वीस वर्षांचा नायक कोण?' असे विचारले असते तर त्याने डोळे मिटून विठ्ठलचे नाव घेतले असते.

मग पडदा बोलू लागला.

इंपीरियल कंपनीचे अर्देशीर इराणी यांनी हिंदुस्थानातला पहिला बोलपट काढायला घेतला. जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरचे नाटक निवडले आणि भाषा ठेवली ती उर्दूच्या वळणाची हिंदुस्थानी. नायक म्हणून मेहबूब खान नावाच्या एका तरुणाचे नाव आधी विचारात होते. पण पहिलाच बोलपट, पैसा मोठा अडकलेला. त्याला खपणारा चेहरा हवा म्हणून इराणींनी विठ्ठलला बोलावले. डावलला गेलेला तो मेहबूब पुढे दिग्दर्शक झाला आणि १९५७ साली त्याने 'मदर इंडिया' काढला. नायक म्हणून होतकरू असलेला माणूस नायक न होताही किती मोठा होऊ शकतो, याचे एवढे एक उदाहरण पुरे. असो. विठ्ठल इतका हरखला की शारदा कंपनीशी असलेला करार त्याने मोडला. कंपनी कोर्टात गेली. विठ्ठलच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि खटला विठ्ठल जिंकला. आमच्या आजोबांना या खटल्याचा भारी अभिमान. "जिनांसारखा वकील लावला त्याने!" हे वाक्य फाळणीनंतर पन्नास वर्षांनीही ते तेवढ्याच ठसक्यात म्हणत.

'आलम आरा'चे चित्रण रात्री चाले. स्टुडिओच्या शेजारून रेल्वेचे रूळ जात, आणि गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येई. म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर एक ते चारच्या दरम्यान काम करायचे, मायक्रोफोन कुठेतरी आडोशाला लपवायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखायचा. अशा शांततेत विठ्ठलने तोंड उघडले, आणि पंचाईत झाली. कोल्हापूरच्या मातीतली ती जीभ. उर्दूचे उच्चार तिच्यावर बसेनात. आता पहिल्या बोलपटाच्या नायकाला बोलताच येत नसेल तर करायचे काय? कथेतच सोय केली गेली. नायक बराच काळ भान हरपलेल्या, गुंगीतल्या अवस्थेत दाखवला आणि त्याचे संवाद अगदी मोजके ठेवले, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आहे.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांची तिकिटे काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना विकली गेली. आजोबांनी तिकीट मिळवले ते चौथ्या की पाचव्या आठवड्यात, अर्ध्या महिन्याची खाणावळ बुडवून. बाहेर पडल्यावर त्यांना काय वाटले, ते त्यांनी मला पुष्कळदा सांगितले आहे. "सगळे बोलत होते रे. राजा बोलला, राण्या बोलल्या, फकीर तर गायला. आमचाच तेवढा गप्प. पडद्यावर होता, पण विठ्ठल नव्हता." या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे आजोबांचे म्हणणे पडताळून पाहण्याची सोय मला नाही. पण चाहत्याचे डोळे खोटे बोलत नसावेत.

त्याच चित्रपटात सेनापती आदिलच्या दुय्यम भूमिकेत आणखी एक तरुण होता. तोही १९०६ सालचाच. पेशावरच्या एडवर्ड्स कॉलेजात शिकलेला, १९२८ च्या सुमारास मुंबईत आलेला. मूकपटांत त्यानेही कामे केली होती. पण विठ्ठलच्या लोकप्रियतेशी त्याची बरोबरी नव्हती. त्याचे नाव पृथ्वीराज कपूर. पडदा बोलू लागला आणि या दोन समवयस्कांची पारडी फिरली. पृथ्वीराजचा आवाज घडीव, भाषा तोंडात मुरलेली. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये तो अकबर होऊन बोलतो तेव्हा डोळे मिटून बसले तरी समोर बादशहा आहे हे कळते. १९३० साली मात्र त्या दोघांपैकी होतकरू कोण, असे विचारले असते तर उत्तर उलटे आले असते.

इतिहासाच्या शिक्षकाने एकाच कारणावर सगळा भार टाकू नये, हे मी मुलांना वर्गात सांगतो. तेव्हा ते इथेही पाळले पाहिजे. विठ्ठलचा काळ ओसरला तो केवळ उच्चारांमुळे नव्हे. बोलपटाबरोबर गाणे आले, आणि गाणारा नायक हवासा झाला. उड्या मारणारा मागे पडला. कॅमेऱ्याला ध्वनियंत्राजवळ बांधून घातल्यासारखे झाले, तेव्हा दौडीची दृश्येही काही काळ कमी झाली. आणि विठ्ठल काही दिसेनासा झाला नाही. १९३३ साली त्याने 'आवारा शहजादा' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्याच मराठी आवृत्तीचे नाव 'औट घटकेचा राजा', आणि त्यात शाहू मोडक या कोवळ्या पोराने दुहेरी भूमिका केली. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) मध्ये विठ्ठल आहे, 'रामशास्त्री' (१९४४) मध्येही आहे. मराठीत तो मोकळेपणाने बोलला. त्या जिभेला तिथे काहीच अडचण नव्हती. मात्र पूर्वी अख्खा देश त्याचा होता, आता एक भाषा उरली. पुढे भूमिका लहान होत गेल्या. १९६९ साली तो गेला.

भाषा शिकून घेता येत नव्हती का? येत होती. त्याच काळातली सर्वांत मोठी तारका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिलाही हिंदुस्थानी येत नव्हती. तिने वर्षभर काम थांबवले, भाषा शिकली आणि परत आली. विठ्ठलला कुणी असा सल्ला दिला असता, आणि त्याने तो ऐकला असता, तर काय झाले असते हा प्रश्न मला अनेकदा पडतो. यशाच्या शिखरावर असलेल्या पंचविशीतल्या मुलाला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात कर म्हणणे सोपे नसते, हे शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मी सांगू शकतो.

आपल्या भागाच्या अगदी शेजारी, कोल्हापुरात, १९२९ साली निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठीतही निघाला आणि हिंदीतही. एक दृश्य आधी एका भाषेत करायचे, दिवे तसेच ठेवून लगेच दुसऱ्या भाषेत. नटांना एकाच दिवसात दोनदा तेच दुःख करावे लागे, दोनदा तेच प्रेम. आपल्याकडच्या घरांना यात नवल वाटू नये. आईशी एका भाषेत भांडून त्याच दमात वाण्याशी दुसऱ्या भाषेत भांडणे, हे आपण रोजच करतो! पुढे १९३९ च्या 'माणूस'मध्ये (हिंदीत 'आदमी') तोच शाहू मोडक पोलीस शिपाई गणपत झाला. वय एकवीस. अहमदनगरचा, ख्रिस्ती घरातला मुलगा. १९३२ साली 'श्यामसुंदर'मध्ये बालकृष्ण म्हणून घराघरांत पोहोचलेला. दोन्ही भाषा त्याच्या तोंडात सारख्याच सहज. त्याच्यासमोर नायिका होती हुबळीजवळची शांता हुबळीकर. त्या चित्रपटात तिच्या वाट्याला एक गाणे आहे, ते कडव्याकडव्याला भाषा बदलत जाते. कानडी मुलखातल्या मुलीने मराठी चित्रपटात अनेक भाषांतून गावे आणि नगरच्या मुलाने शिपायाच्या गणवेशात ते ऐकत उभे राहावे, हे दृश्य मला आपल्या सीमाभागाचे छायाचित्रच वाटते.

मोडकचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आला, आणि त्यानंतर तो मुख्यतः देव आणि संत यांच्यातच अडकला. श्रीकृष्णाची भूमिका त्याने एकोणतीस चित्रपटांत केली म्हणतात. 'माणूस'मधला तो गोंधळलेला, प्रेमात पडलेला, स्वतःचीच लाज वाटणारा शिपाई पाहिला की वाटते, या मुलात सामान्य माणसाचा नायक होण्याची किती ताकद होती. लोकांनी त्याला मुकुट घातला आणि तो काढू दिला नाही.

प्रभात पुढे पुण्याला गेली. १९४२ साली शांताराम तिथून बाहेर पडले, १९४५ साली विष्णुपंत दामले वारले. कंपनीची उतरती कळा सुरू झाली होती. नेमक्या या दिवसांत तिथे दोन परप्रांतीय पोरे आली. एक गुरदासपूर जिल्ह्यातला, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकलेला, मुंबईत लष्कराच्या पत्रतपासणी कचेरीत लोकांची पत्रे उघडून वाचण्याची नोकरी केलेला. तो डेक्कन क्वीनने पुण्याला आला आणि निवडला गेला. दुसरा बंगळुरात जन्मलेला, घरात कोंकणी, कलकत्त्यात वाढल्यामुळे बंगाली, अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात नृत्य शिकलेला. मधल्या काळात कलकत्त्याला टेलिफोन ऑपरेटर. मामांच्या ओळखीने १९४४ साली प्रभातमध्ये तीन वर्षांच्या करारावर लागला. पहिला देव आनंद, दुसरा गुरुदत्त.

दोघांची ओळख धोब्यामुळे झाली. देव आनंदने स्वतःच सांगून ठेवले आहे की, एका सकाळी त्याला आपला शर्ट दुसऱ्याच एका तरुणाच्या अंगात दिसला. धोब्याने कपडे अदलाबदल केले होते. शर्टावरून मैत्री जमली, पुण्याच्या रस्त्यांवरून सायकली फिरल्या, आणि एक करार झाला : तू दिग्दर्शक झालास तर नायक मी, मी चित्रपट काढला तर दिग्दर्शक तू. वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या अशा शपथा आपण खूप ऐकतो. दहावीच्या निरोप समारंभाला तर दर वर्षी! ही मात्र पाळली गेली. १९४६ साली प्रभातच्या 'हम एक हैं'मध्ये देव आनंद नायक झाला. त्याच्या दातांतली फट कुणालातरी खटकली म्हणून ती बुजवण्याचा उपद्व्यापही झाला. चित्रपटाने त्याला तारा बनवले नाही. त्यासाठी 'जिद्दी' (१९४८) यावा लागला. आणि १९५१ साली देव आनंदच्या नवकेतन संस्थेने 'बाजी' काढला तेव्हा दिग्दर्शक होता गुरुदत्त.

पुण्याच्या मराठी कंपनीने या दोघांना पहिली संधी दिली, याचा आपण अभिमान बाळगतो. त्याच काळात किती मराठी मुले त्या फाटकाशी उभी असतील, आणि हिंदीच्या उच्चारांपाशी अडून परत गेली असतील, याचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही. प्रभात १९५३ च्या सुमारास बंद पडली. त्याच आवारात १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उघडली, आणि होतकरू मुले पुन्हा त्याच फाटकाशी येऊ लागली, या वेळी प्रवेशअर्ज घेऊन.

आता एकदम १९७५ सालाकडे येतो. त्या एका वर्षात दोन तरुण नायक आले, आणि दोघांचाही आपल्याशी नात्याचा धागा आहे.

पहिला रवींद्र महाजनी. जन्म १९४९, आपल्याच बेळगावचा. वडील ह. रा. महाजनी 'लोकसत्ता'चे संपादक. मुलगा मुंबईत वाढला. धडपडीच्या दिवसांत पोटासाठी त्याने टॅक्सी चालवली. नाटकात काम करताना व्ही. शांताराम यांच्या नजरेस पडला आणि १९७५ च्या 'झुंज'मध्ये नायक झाला. तो काळ मराठीत एकीकडे तमाशापटांचा आणि दुसरीकडे दादा कोंडके यांचा. त्यात हा उंच, देखणा, शहरी मुलगा उठून दिसला. 'देवता' (१९८३), 'मुंबईचा फौजदार' (१९८४) आम्ही शाळकरी वयात पाहिले. वर्गातल्या निम्म्या पोरांनी भांग त्याच्यासारखा पाडला होता. रूपाने तो हिंदीतल्या कुणापेक्षाही उणा नव्हता. हिंदी चित्रपटसृष्टी त्याच शहरात, लोकलच्या चार स्थानकांवर. पण त्या चार स्थानकांचे अंतर त्याला कापता आले नाही. तो मराठीचा नायक राहिला, आणि तेव्हाच्या मराठी चित्रपटाला आपला नायक सांभाळण्याइतकी ऐपत नव्हती. जुलै २०२३ मध्ये तळेगाव दाभाड्याजवळ, एकटे राहत असताना, तो गेला.

दुसरा बंगळुरातल्या मराठी घरातला. वडील रामोजीराव गायकवाड पोलीस शिपाई. मुलाचे नाव शिवाजीराव, जन्म १२ डिसेंबर १९५०. घरात मराठी, शाळेत आणि रस्त्यावर कानडी. बंगळूरच्या बसमध्ये कंडक्टर असताना तो कानडी नाटकांत कामे करी. नोकरी सोडून १९७३ साली तो मद्रासला अभिनय शिकायला गेला. पैशांची मदत त्याच्याच बसवरच्या चालक मित्राने केली. तिथे दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला हेरले आणि पहिला सल्ला दिला तो अभिनयाचा नव्हे, भाषेचा : तमिळ शीक. विठ्ठलला न मिळालेला सल्ला चाळीस वर्षांनी या मुलाला मिळाला, आणि त्याने तो घेतला. 'अपूर्व रागंगळ' (१९७५) मध्ये एक फाटक ढकलून तो पडद्यावर आत आला. परकी भाषा झपाट्याने फेकण्याची त्याची ढब पुढे तमिळ पोरांच्या तोंडी बसली.

त्याच्या नावाची गोष्ट तर आपण सांगितलीच पाहिजे. बालचंदर यांनी त्याचे नाव बदलले, कारण तमिळ पडद्यावर एक 'शिवाजी' आधीच होता. शिवाजी गणेशन. त्या गणेशनचे मूळ नाव शिवाजी नव्हे, सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात त्याने छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि पेरियार यांनी त्याला हे नाव बहाल केले. म्हणजे तमिळ नटाला महाराजांचे नाव मिळाले, आणि त्यामुळे मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीला आपले पाळण्यातले नाव सोडून रजनीकांत व्हावे लागले. २०२१ साली त्याला दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला, त्र्यंबकच्या मराठी माणसाच्या नावाचा. पण मराठी चित्रपट त्याने एकही केलेला नाही. याचे काहींना वाईट वाटते. मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. माणूस ज्या भाषेत उभा राहतो ती त्याची भाषा.

हे वाक्य मी आज सहज लिहिले, पण ते मला फार उशिरा कळले. मी नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हाची गोष्ट. स्नेहसंमेलनात 'आग्र्याहून सुटका' बसवायचे होते. नववीत एक मुलगा होता. घर कानडी, शिक्षण मराठी माध्यमात. उभा राहिला की नजर हटू नये असा. तालमीला त्याने महाराजांचे वाक्य म्हटले : "माझा तलवार कुठे आहे?" कानडीत वस्तूंना आपल्यासारखे स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, तेव्हा ही चूक अगदी साहजिक. वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. दुसऱ्या दिवशी महाराजांची भूमिका मी एका 'शुद्ध' बोलणाऱ्या मुलाला दिली, आणि याला पहारेकरी केले, एकही वाक्य नसलेला. भाला धरून तो दोन अंक उभा राहिला. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी त्या वर्षी 'होतकरू' लिहिले होते. ज्या हाताने ती भूमिका काढून घेतली त्याच हाताने!

काही वर्षांपूर्वी जानेवारीत बदामीजवळच्या बनशंकरीच्या जत्रेला गेलो होतो. तिथे कानडी नाटक कंपन्यांचे तंबू महिनाभर उभे असतात, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. एका तंबूत शिरलो. नायक रंगमंचावर आला तेव्हा चेहऱ्यावरून नव्हे, चालण्यावरून मी त्याला ओळखले. त्याचे कानडी ऐकताना तंबूतली बाया-माणसे मध्येच शिट्ट्या मारीत होती, मध्येच पदर डोळ्यांना लावीत होती. पहिला खेळ संपल्यावर आत गेलो. तो खोबरेल तेलाने रंग पुसत बसला होता. मला पाहून उठला, वाकून नमस्कार केला आणि मराठीत म्हणाला, "सर, बसा. चहा सांगतो." मग कोपऱ्यातली लाकडी तलवार उचलून माझ्यासमोर धरली आणि हसत म्हणाला, "ही माझी तलवार."

मला काही बोलता आले नाही. तेवढ्यात बाहेर घंटा झाली. दुसरा खेळ साडेदहाचा होता. त्याला पुन्हा रंग लावायचा होता. मी चहा संपवला आणि खिडकीवर जाऊन आणखी एक तिकीट काढले.